इंजेक्शननं थांबतं, वेचणीत परत येतं: कंबर-गुडघ्याचं दुखणं मुळातून कसं शोधायचं

दिवाळी उरकून कापसाच्या वेचणीला जोर आला की आमच्याकडे एकाच तक्रारीची रांग लागते. कंबर धरली. मागच्या साली धरली होती, सुई घेतली, आठवड्याभरात मोकळी झाली, औंदा पुन्हा तेच. काहींचं चक्र त्याही आधी सुरू झालेलं असतं. श्रावणात निंदताना गुडघे, दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन सोंगताना कंबर, वेचणीत दोन्ही. उन्हाळ्यात वावरात काम नसतं तेव्हा बरं वाटतं, आणि ‘गेलं एकदाचं’ म्हणून माणूस ते विसरून जातो.

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मी फिजिओथेरपीचं काम करते. अलीकडे या रांगेत वावरात पाय न ठेवणारेही दिसतात. सेवा केंद्रात दिवसभर सातबारे आणि पीक विम्याचे फॉर्म भरणारी पोरं, किराणाच्या गल्ल्यावर बसणारे, मास्तर. “मॅडम, मी तं बसूनच असतो, मले काहून दुखते?” असं विचारतात. निंदणारी बाई विचारते, “काम करा लागते म्हणून दुखते ना?” दोघांचं कारण पुष्कळदा एकच निघतं. वाकून वेचणारी बाई आणि प्लास्टिकच्या खुर्चीत घसरून बसलेला पोरगा यांच्या कमरेचे मणके एकाच दिशेनं वाकलेले असतात, आणि दोघंही त्यातून तासन्‌तास बाहेर येत नाहीत. सुई दुखणं दाबते, वाकलेपण तसंच राहतं. म्हणून ते पुढच्या हंगामात परत येतं.

आधी हे तपासा, कारण यात बसण्या-उठण्याचे उपाय चालत नाहीत

लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, शौचावर ताबा राहिला नाही, बसण्याच्या जागी किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर झालं, पायातली ताकद झपाट्यानं कमी होत चालली, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. उद्या सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. संध्याकाळी बारीक ताप, उतरत चाललेलं वजन आणि झोपेतून उठवणारं पाठीचं दुखणं एकत्र असेल तर मणक्याचा टीबी डोक्यात ठेवावा लागतो. त्याची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. साठी ओलांडलेल्या बाईची पाठ साध्या ठेचेनंतर किंवा बादली उचलताना अचानक कळ येऊन धरली, तर मणका दबलेला असू शकतो. तिथं मालिश करू नका.

दोन गोष्टी आपल्या भागाच्या आहेत, आणि शहरातल्या आरोग्यविषयक लेखांत त्या सापडत नाहीत.

पहिली सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली-चंद्रपूरपासून मेळघाटापर्यंत त्याचे रुग्ण आहेत. तरुण माणसाला जांघेत दुखतं, तो थोडा लंगडतो, आणि आजवर सहज जमणारं मांडी घालून बसणं काही महिन्यांत जमेनासं होतं. घरचे म्हणतात कंबर आहे. प्रत्यक्षात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटत चाललेला असतो. सिकलसेलमध्ये हे होतं, भरपूर दारू पिणाऱ्यांत होतं, आणि कुठल्याही दुखण्यावर स्टेरॉइडच्या गोळ्या-सुया घेत राहिलेल्यांतही होतं. सुरुवातीचा एक्स-रे साफ येऊ शकतो, म्हणून ‘फोटोत काही नाही’ एवढ्यावर समाधान मानू नका. २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं आहे. रक्ताची पहिली चाचणी कुठं होते ते प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना विचारा.

दुसरी गोष्ट फ्लोराइड. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर असलेलं पाणी वर्षानुवर्षं पिण्यात आलं की दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात आणि पुढं मान-पाठ ताठरते. एकाच गल्लीतल्या अनेकांची पाठ वाकत नसेल तर आधी पाणी तपासून घ्या.

यातलं काही नसेल तर पुढं वाचा. बहुतेकांत काही नसतं.

कोणत्या घडीला दुखतं ते पकडा

‘काम केल्यानं दुखतं’ या उत्तराचा मला उपयोग होत नाही. तीन-चार दिवस नीट लक्ष ठेवा. उठल्याबरोबर दुखतं की दुपारनंतर? वाकल्यावर कळ येते की वाकलेलं असताना काहीच नाही आणि सरळ होताना येते? चालल्यावर मोकळं वाटतं की वाढतं?

वाकून किंवा बसून वाढणारं आणि चार पावलं चाललं की हलकं होणारं दुखणं सगळ्यात जास्त दिसतं. या लेखातलं बरंचसं त्याबद्दल आहे. उलट, म्हाताऱ्या माणसाच्या पोटऱ्या थोडं चाललं की भरून येतात, खाली बसलं किंवा पुढं झुकलं की आराम पडतो, सायकल मात्र मैलभर चालवता येते, असं असेल तर मणक्यातली नसांची वाट अरुंद झालेली असू शकते. त्यांनी खाली दिलेले मागं वाकण्याचे प्रकार करू नयेत, आधी दाखवून घ्यावं. कळ कुल्ल्यातून मांडीमागून पायाच्या पंजापर्यंत उतरत असेल तर नस दुखावलेली आहे. त्याला घाबरायचं कारण नाही, पण अंगावरही काढू नका.

वेचणीत नेमकं काय होतं

कंबरेवरचं धड, डोकं आणि हात मिळून शरीराच्या निम्म्याहून जास्त वजन भरतं. पन्नास किलोची बाई वाकली की पंचवीस किलोहून जास्त भार पाठीच्या स्नायूंनी मागून ओढून धरलेला असतो. त्यात कमरेला पुढं बांधलेली कापसाची झोळी. तीन-चार किलो म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण वाकलेल्या अंगापासून पुढं लोंबणारं वजन पाठीला त्याच्या कितीतरी पट पडतं.

पहिली काही मिनिटं स्नायू हे ओझं धरतात. पंधरा-वीस मिनिटांनंतर ते सैल पडू लागतात आणि भार मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर येतो. या पट्ट्या बाजेच्या सुतळीसारख्या आहेत: ताण हळूहळू घेतात, झोळ पडत जातो, आणि उठलं म्हणून लगेच पूर्ववत होत नाहीत. पूर्ववत व्हायला वाकण्यात गेला त्याहून जास्त वेळ लागतो. तोवर कंबर ढिली असते.

आणि आपण नेमकं त्याच वेळी काय करतो? सगळी सकाळ वाकून वेचतो आणि उठल्या-उठल्या गाठोडं झटक्यात डोक्यावर घेतो. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच बाया ‘गाठोडं उचलताना कट्‌कन झालं’ असं सांगतात. सगळा दोष गाठोड्यावर जातो. कंबर त्याच्या आधीच्या दोन तासांत तयार झालेली असते.

मजुरी किलोवर असते हे मला माहीत आहे. अर्ध्या-अर्ध्या तासानं विश्रांती घ्या, असं सांगणाऱ्यानं एकदा वेचणीला जाऊन पाहावं. त्यामुळं पैसा न तुटणारे बदलच सांगते.

झोळी गच्च भरेपर्यंत थांबू नका, निम्मी झाली की रिकामी करा. रिकामी करायला जाणं हीच पाठीची विश्रांती. तास, म्हणजे पिकाची ओळ, संपून धुऱ्यावर (बांधावर) आलात की बसू नका. दोन्ही हात कमरेवर मागून ठेवा, गुडघे ताठ, आणि मागं झुका. पाच-सहा वेळा. ओळ लांब असेल तर मध्यावर एखादी पराटी (कापसाचं झाड) ठरवून ठेवा. खालची बोंडं वेचताना दोन्ही पाय सरळ ठेवून कंबरेतून वाकण्यापेक्षा एक गुडघा जमिनीला टेका, पुढच्या झाडाला दुसरा. सगळ्याच झाडांना जमणार नाही. निम्म्यांना जमलं तरी भार बदलत राहतो. आणि गाठोडं बांधल्यावर उचलण्याआधी दोन-तीन मिनिटं उभं राहून चाला, पाणी प्या, मग दोघींनी मिळून उचला.

पूर्व विदर्भात धानाच्या रोवण्यात तर एक गुडघाही टेकता येत नाही, पाय चिखलात आणि चालायचं मागं मागं. तिथं पेंढी संपली की सरळ होऊन मागं झुकणं एवढंच हाती राहतं. ते सोडू नका.

फवारणीचा पंप १६ लिटरचा असतो. पाणी आणि पंप मिळून वीस किलोच्या आसपास. तो जमिनीवर भरून वाकून पाठीवर घेण्यात जितका ताण आहे तितका घेऊन चालण्यात नाही. बंडीवर किंवा कमरेइतक्या उंच ड्रमवर ठेवून भरा आणि तिथूनच पट्ट्यांत हात घाला. ट्रॅक्टरचंही असंच आहे. तासभर हादरे खाल्लेली कंबर घेऊन उतरलात की लगेच गोणीला हात लावू नका. युरियाची गोणी ४५ किलोची झाली, डीएपीची अजून ५०चीच आहे. आधी एक चक्कर मारा.

सकाळचा पहिला तास

याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं, आणि माझ्या मते निम्मी गोम इथं आहे.

मणक्यांच्या मधल्या चकत्यांना मोठेपणी स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. भार पडला की त्यांच्यातलं पाणी बाहेर जातं, भार उतरला की आत येतं, त्या हालचालीतूनच त्यांचं पोषण होतं. रात्रभर आडवं पडल्यानं चकत्या पाणी पिऊन फुगतात. सकाळी उठल्यावर माणूस संध्याकाळपेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच भरतो तो त्यामुळंच. फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण दिवसातल्या इतर कुठल्याही वेळेपेक्षा जास्त येतो. उठल्यापासूनच्या पहिल्या तासात हे जादा पाणी बरंचसं निघून जातं.

आता आपल्या घरातल्या बाईचा पहिला तास आठवा. शेण काढणं, आंगण झाडणं, सडा टाकणं, चूल पेटवणं, हंडे भरणं. एकूण एक काम वाकून. आणि मग ती म्हणते, वावरात जाण्याआधीच कंबर धरलेली असते.

उपाय क्रम बदलण्याचा आहे. उठल्यावर आधी उभ्यानं होणारी कामं घ्या. ओट्यावर चहा ठेवणं, ढोरांना सोडणं, बाहेर जाऊन येणं. झाडलोट आणि शेण त्यानंतर. खराट्याला लांब बांबू बांधा. हे ऐकून सासवा हसतात, पण दोन पावसाळ्यांपूर्वी बांबू बांधलेल्या घरांनी तो अजून सोडलेला नाही. आणि घरात धडधाकट गडी माणूस असेल तर वेचणीच्या दिवसांत शेण त्यानं काढावं. हा वैद्यकीय सल्लाच आहे.

बसून पोट भरणाऱ्यांसाठी

सेवा केंद्रातली खुर्ची बहुधा प्लास्टिकची असते. बैठक मागं उतरती, त्यामुळं पार्श्वभाग मागं आणि कंबर गोल. टेबलावर लॅपटॉप खाली असतो म्हणून मान पुढं. वर हा पोरगा संध्याकाळी खड्ड्यांतून मोटरसायकलवर घरी जातो आणि झोळ पडलेल्या बाजेवर उताणा पडून मोबाइल पाहतो. वाकलेली कंबर दिवसात एकदाही सरळ होत नाही.

महागडी खुर्ची आणू नका. दुपट्ट्याची गुंडाळी करून कमरेच्या खोलगटात ठेवा, लॅपटॉपखाली दोन जाड रजिस्टर टाका, कीबोर्ड वेगळा घ्या. याहून कामाचा बदल म्हणजे प्रिंटर हाताच्या अंतरावरून काढून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवणं. दर सातबाऱ्याला उठावं लागेल. लोक ‘दर तासाला उठीन’ असं ठरवतात आणि गर्दीत विसरतात, प्रिंटर विसरू देत नाही. फोन आला की उभं राहून बोला. किराणा दुकानात निम्मा वेळ उभ्यानं गल्ला सांभाळता येतो.

यांच्यासाठी कंबर हा छोटा मुद्दा आहे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. आपल्या लालपरीला वरचा मजला नाही, पण तहसीलला, बँकेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगितले. वेचणारी बाई हा आकडा दोन दिवसांत पार करते, तिला ‘रोज फिरायला जा’ सांगणं थट्टा आहे. दुकानदाराला मात्र हेच सांगायचं. विशेषतः साखर असेल तर जेवल्यावर लगेच आडवं होण्याआधी दहा मिनिटं गल्लीत फेऱ्या मारा. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात.

गुडघे

‘खाली बसणं बंद करा’ हा सल्ला सरसकट सगळ्यांना दिला जातो. मला तो पटत नाही. दुखत नसेल तर मांडी घालून, उकिडवं बसता येणं ही कमाई आहे. खुबे आणि घोटे त्यानं मोकळे राहतात. सवय सुटली की म्हातारपणी जमिनीवरून उठणं कठीण जातं. त्रास होतो तो निंदताना तासन्‌तास उकिडवं सरकत राहण्यानं. उकिडवं बसल्यावर गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जाते.

निंदणाला बसण्यासाठी चार-सहा इंचाचं लाकडी पाटुकलं किंवा उलटं टोपलं घ्या, गुडघ्याचा कोन तेवढ्यानंही सैल होतो. एका ओळीला उकिडवं, पुढच्या ओळीला एक गुडघा टेकून. गुडघा सुजलेला असेल, उठताना हात टेकावा लागत असेल, तर संडासात प्लास्टिकचा कमोड स्टूल ठेवा आणि स्वयंपाक ओट्यावर न्या. इथं हट्ट नको.

निंदून उठल्यावर पायाचा पंजा वर उचलता येत नाही, चालताना चप्पल निसटते, असं झालं तर तो लकवा समजून घाबरू नका. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, एक नस हाडाला अगदी चिकटून जाते. फार वेळ उकिडवं बसलं की ती दबते. बहुतेकांत आठवड्या-महिन्यांत सुधारतं. तरी दाखवा, कारण कमरेच्या नसेनंही असंच होतं. आणि त्याच्यासोबत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा त्याच बाजूचा हात गळाला, तर मात्र तडक दवाखाना.

घरातल्या म्हाताऱ्यांची एक साधी परीक्षा घ्या. हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायचं-बसायचं. १५ सेकंदांहून जास्त लागले तर मांड्यांची ताकद उतरली आहे. मग हीच परीक्षा रोज सकाळ-संध्याकाळ व्यायाम म्हणून करायची. ‘गुडघ्यातलं ग्रीस संपलं’ म्हणून ओट्यावर बसवून ठेवलेल्या आजोबांना याहून स्वस्त औषध मला माहीत नाही.

ज्यावर पैसे जातात

कमरेचा पट्टा. हंगामात दिवसभर लावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शनात जुनाट कंबरदुखीसाठी पट्टे आणि ट्रॅक्शन (कंबर ओढून धरण्याचा उपचार) देऊ नका असं म्हटलं आहे.

एमआरआय. कारण नसताना नागपूरला जाऊन काढतात आणि ‘मणक्यात गॅप’ घेऊन परत येतात. काहीच दुखत नसलेल्या पन्नाशीतल्या दहा जणांचा एमआरआय काढला तर आठ जणांच्या चकत्या झिजलेल्या दिसतात. वर सांगितलेली धोक्याची लक्षणं असतील किंवा ऑपरेशनचा विचार असेल तेव्हा तो लागतो. नस दबलेल्या बहुतेकांची कळ दीड ते तीन महिन्यांत बिनऑपरेशनची ओसरते.

सुया आणि ‘लाल गोळी’. नाव नसलेल्या पुडीत स्टेरॉइड असू शकतं. त्यानं दोन दिवसांत चमत्कार वाटतो आणि मागून साखर, हाडं, खुबा जातो. दुखण्याच्या साध्या गोळ्याही उपाशीपोटी, उन्हात, पाणी न पिता घेत राहिलं तर पोट आणि मूत्रपिंड दोन्हीला लागतात. सोंगणीच्या दिवसांत नेमकं तसंच घेतलं जातं.

आत्ता धरलेली असेल तर

एक-दोन दिवस कमी करा, पण पडून राहू नका. दोन दिवसांपलीकडं अंथरुणात राहिलं तर कंबर आणखी जखडते. झोळ पडलेली बाज सोडून सतरंजीवर, कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन झोपा. वाकून वाढणारं दुखणं असेल तर पालथं पडून कोपरांवर छाती उचला, मिनिटभर राहा, दर दोन-तीन तासांनी करा. पायातली कळ वर कमरेकडं सरकू लागली तर बरोबर चाललं आहे, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ आणखी खाली उतरू लागली तर लगेच थांबा.

सहा आठवडे बदल करूनही फरक पडला नाही तर ग्रामीण रुग्णालयात किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यासारख्या मोठ्या ठिकाणी दाखवा. डॉक्टरांना ‘कंबर दुखते’ एवढंच सांगू नका. कोणत्या कामात, किती वेळानं, कशानं कमी होतं, हे तीन-चार दिवसांचं टिपण न्या. आजवर घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घालून न्या, बिननावाची पुडीसुद्धा.